खड्डा कुणाचा, पाणी कुणाचे?

टेंभी नाक्यावरून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला रस्त्याच्या कडेला पडलेल्या खडीच्या ढिगाचे काही विशेष वाटत नाही. ठाण्यात कुठे ना कुठे काम चालूच असते. कधी रस्त्याचे, कधी गटाराचे, कधी जुनी इमारत पाडून नवी उभारण्याचे. रात्री डंपर येतो, खडी ओततो आणि सकाळी तिच्या कडेने आपण वाट काढतो. गेल्या उन्हाळ्यात रविवारचा मिस्सा आटोपून घरी परतताना असाच एक ढीग आडवा आला. बरोबर नातू होता. त्याने विचारले, “आजोबा, हे दगड येतात कुठून?” मी म्हटले, “डोंगरातून.” दोन पावले चालून तो पुन्हा म्हणाला, “मग तिथे खड्डा पडत असेल ना? त्याचं पुढे काय करतात?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तोंडपाठ होते. माझे उभे आयुष्य बांधकामांवर देखरेख करण्यात गेले. खडी, ग्रिट, डबर यांची किती मागणी नोंदवली असेल याची गणती नाही. आमच्या धंद्यात हे सारे ब्रासमध्ये मोजतात; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. डंपर आला की मी माल मोजून घेई, सरकारी स्वामित्वधनाची, म्हणजे रॉयल्टीची, पावती पाही आणि सही करी. त्या पावतीवर दगडाचा हिशेब असे. पण शंभर घनफूट खडी जेथून आली तेथे पोकळी निर्माण झाली, त्या पोकळीचे काय झाले, हे तीस-पस्तीस वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते. नातवाचा दुसरा प्रश्न म्हणूनच मला निरुत्तर करून गेला.

वस्तुतः उत्तर अवघड नाही. त्या खड्ड्यात पाणी साठते. कठीण आहे तो त्यापुढचा प्रश्न: त्या पाण्याची जबाबदारी कुणाची?

ठाणे हे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते. टेंभी नाक्यापासून चालत काही मिनिटांवर मासुंदा तलाव आहे. त्याच्या एका अंगाला कोपिनेश्वराचे मंदिर, तर जवळच आपले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. शिलाहार राजवटीपासून या गावात तलाव बांधले गेले, असे इतिहास सांगतो. आता तलाव म्हणजे तरी काय? पाणी धरून ठेवणारा खड्डाच. आणि दगड काढून झाल्यावर सोडून दिलेली खदान? तोही पाणी धरून ठेवणारा खड्डाच. दोन्हींत पावसाचेच पाणी असते. मग फरक कुठे पडतो?

फरक हेतूत आहे आणि त्या हेतूतून जन्मणाऱ्या काळजीत आहे. तलाव खोदणाऱ्याच्या मनात प्रथमपासून पाणी होते आणि त्या पाण्याकडे येणारा माणूसही होता. म्हणून त्याने काठ बांधला, पायऱ्या केल्या, उतार ठेवला. घागर घेऊन येणारी बाई, पाय बुडवून बसणारे पोर, पाण्यावर येणारे गुरू हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे होते. खदान खणणाऱ्याच्या मनात फक्त दगड होता. दगड संपला आणि त्याचे तेथील काम संपले. मागे राहिलेले पाणी त्याच्या हिशेबात कधीच नव्हते. त्यामुळे तेथे काठ नाही, पायरी नाही, उतार नाही. सुरुंगाने फोडलेला उभा कडा आहे आणि त्याखाली शांत, हिरवट, अथांग दिसणारे पाणी आहे. पहिल्या पावलाला गुडघाभर, तर दुसऱ्या पावलाला पुरुषभर.

७ मे २०२२ रोजी डोंबिवलीजवळच्या संदप गावातील खदानीच्या पाण्यात एकाच कुटुंबातील पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. त्यांत दोन स्त्रिया होत्या, तीन मुले होती. जवळच्याच देसलेपाड्यात राहणारे हे कुटुंब. ही माणसे तेथे सहलीला गेली नव्हती किंवा पोहण्याच्या हौसेनेही नव्हती. घरात पाण्याची टंचाई होती म्हणून कपडे धुण्यासाठी गेली होती. एक मूल पाण्यात गेले, त्याला वाचवायला दुसरे धावले आणि एकामागून एक सारीच गेली. कल्याण-डोंबिवलीच्या परिसरातील सत्तावीस गावांचा पाणीप्रश्न वृत्तपत्रांतून आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्या प्रश्नाचा असा शेवट वाचून मन सुन्न झाले होते. आज मागे वळून पाहताना मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या गावाच्या पोटातून आपल्या इमारतींसाठी दगड काढला गेला, त्या गावाच्या नळाला पाणी नव्हते आणि पाणी होते ते दगड काढलेल्या खड्ड्यात.

अशा वेळी सामान्यतः काय म्हटले जाते? ‘तेथे जायलाच नको होते.’ ‘पाटी लावली होती.’ ‘मुलांकडे लक्ष द्यायला हवे होते.’ यांतले प्रत्येक वाक्य आपापल्या जागी खरेही असेल. पण तहानेला पाटी वाचता येत नाही. आणि या सर्व वाक्यांत एक चतुराई आहे: ती खड्ड्यात पडणाऱ्याविषयी बोलतात, खड्डा उघडणाऱ्याविषयी बोलत नाहीत.

जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. मिस्सातील वाचनांत तो क्वचितच ऐकू येतो, म्हणून आपले त्याकडे लक्ष जात नाही. कुणी खड्डा उघडला किंवा नवा खणला आणि तो झाकला नाही, आणि त्यात कुणाचा बैल अथवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या धन्याने त्या जनावराची भरपाई केली पाहिजे, असा त्याचा आशय. या नियमात काय म्हटले आहे यापेक्षा काय विचारलेले नाही ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. जमीन कुणाची होती, हे विचारलेले नाही. खणण्याचा परवाना होता काय, हे विचारलेले नाही. बैल तेथे गेलाच कशाला, हेही विचारलेले नाही. एकच प्रश्न आहे: उघडलेला खड्डा झाकला होता की नाही? पृथ्वीचे पोट उघडण्याचा अधिकार ज्याने वापरला, त्याच्याकडे त्या पोकळीचे पालकत्वही आले. अधिकार आणि पालकत्व यांची ताटातूट त्या प्राचीन धनगर-शेतकरी समाजाला मान्य नव्हती.

आपल्याकडे ही ताटातूट कशी घडते ते पाहू. खाणपट्टा म्हणजे लीज. तो दिला जातो दगडाचा, लोखंडाचा, कोळशाचा. दगडाला सीमा असते. तो फोडता येतो, मोजता येतो, विकता येतो. माझा दगड माझ्याकडे आणि तुमचा तुमच्याकडे राहू शकतो. पाण्याचे तसे नाही. माझ्या विहिरीतले आणि तुमच्या विहिरीतले पाणी जमिनीखाली एकच असते. आपल्या भागातल्या काळ्या पाषाणात पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. खदान जेव्हा त्या भेगा तोडत खाली जाते, तेव्हा केवळ दगड निघत नाही, तर पाण्याची वाटही तुटते. म्हणजे पट्टा दिला जातो दगडाचा, पण व्यवहार होतो पाण्याचाही. आणि त्या दुसऱ्या व्यवहाराची पावती कुठेच फाटत नाही.

हा व्यवहार तीन प्रकारे होतो. खाण पाणी काढते, पाणी नासवते आणि पाणी मागे टाकून जाते. मागे टाकलेल्या पाण्याची कथा आपण संदप येथे पाहिली. उरलेल्या दोहोंसाठी थोडे दक्षिणेकडे, गोवा आणि सिंधुदुर्गाकडे, गेले पाहिजे. कारण तेथे हा प्रश्न दगडाच्या खदानींहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला.

गोव्याच्या डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत लोहखनिजाचे डोंगर आहेत. पोर्तुगीज अमदानीत दिलेल्या खाण-सवलतींपासून या उद्योगाची परंपरा चालत आली. २०१०–११ च्या सुमारास तेथून वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात होऊ लागले होते. एक टन खनिज मिळवायचे तर साधारण अडीच ते तीन टन माती-मुरूम बाजूला काढावा लागतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ते भुसभुशीत खनिज स्वतःच पाणी धरणारा स्पंज असते. डोंगर पावसात पाणी पितो आणि पुढचे आठ महिने ते झऱ्यांतून, विहिरींतून हळूहळू सोडतो. खनिज काढणे म्हणजे तो स्पंजच उचलून नेणे होय. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की काम कोरडे राहावे म्हणून अहोरात्र पंप लावावे लागतात. गोव्यातील काही खाणी तर समुद्रसपाटीच्याही खाली गेल्या. पंपाने खड्डा रिता होतो, तसे भोवतालचे भूजल त्याच्याकडे धाव घेते आणि कोस-अर्ध्या कोसावरच्या विहिरीचा तळ उघडा पडतो. लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या डिचोली तालुक्यातील शिरगावात असेच झाले. गावाच्या भोवती खाणी आणि गावातल्या विहिरी-झरे आटलेले. ग्रामस्थांचे गाऱ्हाणे अखेर उच्च न्यायालयापर्यंत गेले.

येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. २४ जून हा योहान बाप्तिस्ता याचा सण. ठाण्याच्या आपल्या चर्चचा तोच आश्रयदाता संत. त्या दिवशी गोव्यात ‘सांजांव’ साजरा होतो. डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून तरुण तुडुंब भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. विहीर भरली हीच त्या सणाची घंटा. ज्या भूमीने विहिरीला उत्सवाचे स्थान दिले, त्याच भूमीच्या अंतर्भागात विहिरी कोरड्या पडाव्यात आणि बायकांनी टँकरची वाट पाहावी, हा विरोधाभास मनाला चटका लावणारा आहे.

टँकरचाही विचार केला पाहिजे. विहिरी आटलेल्या गावांना खाणकंपन्या टँकरने पाणी पुरवीत. आज अशा कामांना ‘सामाजिक उत्तरदायित्व’ म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. शाळेला बाके, गावाला समाजमंदिर, उन्हाळ्यात टँकर. यांतील पहिल्या दोहोंबद्दल कृतज्ञ राहावे. पण ज्याने विहीर आटवली त्याने टँकर पाठवला तर त्यास दान म्हणावे काय? लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय आठवावा. प्रभू येशू त्याच्या घरी आला तेव्हा त्याने दोन वेगवेगळी आश्वासने दिली. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देईन, हे एक. आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करीन, हे दुसरे. त्याने दोन खाती केली. पहिले खाते दानाचे, दुसरे परतफेडीचे. दुसऱ्या खात्यातली रक्कम त्याने पहिल्यात दाखवली नाही. ज्याला आपण जकातदार म्हणून हिणवतो, त्याचा हिशेब आजच्या कितीतरी वार्षिक अहवालांहून स्वच्छ होता. आटलेल्या विहिरीच्या बदल्यातले पाणी हे परतफेडीच्या खात्यातले पाणी आहे. ते हात जोडून घ्यायचे नसते. ते हक्काचे असते.

पाणी नासवण्याची कथा सिंधुदुर्गातील कळणे गावाची. दोडामार्ग तालुक्यातील या गावात खाण सुरू होत असतानाच ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला होता. पुढे जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत खाणीच्या खड्ड्यात साठलेले पाणी बांध फोडून गावात शिरले आणि चिखलाचा लोंढा घरांत, बागायतीत, शेतांत पसरला. शेतातला गाळ म्हणजे एका हंगामाचे नुकसान नव्हे. खाणीची ती लाल माती भाताच्या खाचरात बसली की जमीन अनेक वर्षे हाती लागत नाही. आणि हे आपल्या कोकणापुरतेच नाही. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखाणीचा गाळ अडविणारे धरण फुटले, तेव्हा सुमारे २७० माणसे प्राणास मुकली. यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या काळातील धष्टपुष्ट मेंढरांना एक खडा सवाल केला होता: स्वच्छ पाणी तुम्ही स्वतः प्यालात, एवढ्याने भागले नाही म्हणून उरलेले पायांनी गढूळ करता काय? दुबळ्या मेंढरांच्या वाट्याला ते गढूळ पाणी येते, हे त्याला सांगायचे होते. खाणीच्या वरच्या अंगाला कार्यालय असते आणि खालच्या अंगाला गाव असते. गढूळ पाणी नेहमी खालच्या अंगाला जाते.

* * *

एवढे वाचल्यावर एखादा वाचक म्हणेल, ‘मग काय, खाणी बंदच कराव्यात?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गोव्यात सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पाठोपाठ ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. त्या काळात कर्ज काढून ट्रक घेतलेले, बार्जवर काम करणारे, खाणीच्या फाटकाशी खानावळ चालविणारे अशा असंख्य घरांवर संकट कोसळले. त्यांत हिंदूही होते, ख्रिस्तीही होते. आपल्या खदानींतही घण मारणारा, क्रशरवर धूळ खाणारा मजूर कोण असतो? वडार समाजातला किंवा परप्रांतातून पोटासाठी आलेला. खदान बंद झाली तर पहिली चूल त्याची विझते. आणि खरे बोलायचे तर आपली घरे, शाळा, दवाखाने, देवळे आणि चर्चदेखील दगडावरच उभी आहेत. मी ज्या इमारतीत बसून हे लिहीत आहे, तिच्या स्लॅबमध्ये कुठल्या तरी डोंगराचा तुकडा आहे. दगड नको म्हणण्याचा नैतिक अधिकार मला नाही.

तेव्हा प्रश्न ‘खाण की पाणी’ असा नाही. खाण चालविणारा पाण्याला आपल्या हिशेबात घेतो की नाही, असा तो आहे. आणि हिशेबात घेणे म्हणजे काय, हे आता पुरेसे ज्ञात आहे. त्यात गूढ असे काही नाही. खणण्यापूर्वी भोवतालच्या गावांतील प्रत्येक विहिरीची पातळी मोजून लिहून ठेवावी, म्हणजे उद्या ती उतरली तर वाद राहत नाही. भूजलाच्या खाली जाण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाणीतून पाणी उपसण्यास ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पावसाचे बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून खाणीभोवती चर खणावा. आतले गढूळ पाणी थेट ओढ्यात न सोडता टाक्यांत निवळू द्यावे. धूळ बसविण्यासाठी गावाचे गोडे पाणी न वापरता तेच निवळलेले पाणी फिरवून वापरावे. उपसलेले पाणी चांगले असेल तर ते वाया न घालविता गावाला, शेताला द्यावे. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने कोळशाच्या खाणीतील पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने पिण्याजोगे केले. गोव्यातही बंद खाणींत साठलेले पाणी उन्हाळ्यात उपसून नदीमार्गे पाणीपुरवठ्याला पुरविण्याचे प्रयोग झाले. म्हणजे इच्छा असेल तर शाप उलटविता येतो.

आणि शेवटचे, परंतु सर्वांत महत्त्वाचे: जाताना खड्डा माणसांच्या जगाशी जोडून द्यावा. उभे कडे तोडून पायऱ्या-पायऱ्यांचे उतार करावेत, कुंपण घालावे, एका बाजूने तरी पाण्यापर्यंत सुखरूप उतरता येईल असा घाट बांधावा. प्रमुख खनिजांच्या खाणींना २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आधीच सादर करावा लागतो. जानेवारी २०२० मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा चारा उगवेल, अशा स्थितीत ती आणून सोडावी. दगडाच्या खदानी मात्र ‘गौण खनिज’ या सदरात मोडतात आणि त्यांचे नियम राज्य सरकारे करतात. लहान पट्टे पर्यावरणीय परवानगीच्या चाळणीतून सुटत असत. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही ती आवश्यक ठरविली. ‘गौण’ हा शब्द खनिजाला लागू असेल. त्याच्या खड्ड्यात जाणारा जीव गौण नसतो.

कायद्याने हे केले, हे चांगलेच झाले. १९९६ साली कमलनाथ प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, पाणी, हवा, नद्या यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पिण्याचे स्वच्छ पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. २०१५ मध्ये खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद झाली. त्यांच्या निधीतून करावयाच्या कामांत पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम देण्यात आला. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिले की, सुरक्षित पाणी हा माणसाच्या जगण्याचाच हक्क आहे आणि ज्या जगाने गरिबाला त्यापासून वंचित ठेवले ते जग त्याचे ऋणी आहे. ऋण हा शब्द पुन्हा परतफेडीच्या खात्यातलाच आहे.

परंतु कायद्याला एक स्वाभाविक मर्यादा असते. तो पट्ट्याच्या मुदतीपुरता जागा असतो. मुदत दहा वर्षांची असो वा पन्नास वर्षांची, तिला शेवट असतो. खड्ड्याला शेवट नसतो. शिवाय एका पिढीने केलेला कायदा दुसरी पिढी मोडू शकते. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर हा चिमुकला देश लेंपा या एकाच मोठ्या नदीवर बव्हंशी अवलंबून आहे. सोन्याच्या खाणींनी ती नदी नासेल या भीतीने तेथील लोक एकवटले. सान साल्वादोरचे आर्चबिशप होसे लुईस एस्कोबार आलास यांच्यासह तेथील ख्रिस्तसभेने पुढाकार घेतला आणि २९ मार्च २०१७ रोजी त्या देशाने धातूंच्या खाणकामावर पूर्ण बंदी घातली. असे करणारा तो जगातला पहिला देश. पण डिसेंबर २०२४ मध्ये तेथील संसदेने तीच बंदी उठविली. नदी तीच, लोक तेच, धोकाही तोच. बदलले ते सत्तेचे गणित. तात्पर्य, पाण्याचे रक्षण एकदा कायदा करून कपाटात ठेवून देण्याची गोष्ट नाही. ते प्रत्येक पिढीच्या विवेकावर पुन्हा पुन्हा सोपवावे लागते.

आणि विवेकाची गोष्ट निघाली की बोट खाणमालकाकडे दाखवून आपल्याला मोकळे होता येत नाही. निर्गमच्या त्या नियमात ‘खड्डा उघडणारा’ असा शब्द आहे. खदान उघडतो कोण? सुरुंग लावणारा मजूर? पट्टा घेणारा ठेकेदार? परवानगी देणारा अधिकारी? की खडीचा दर खाली यावा म्हणून घासाघीस करणारा माझ्यासारखा सुपरवायझर आणि घराचा दर खाली यावा म्हणून घासाघीस करणारे आपण सारे? दर उतरतो तेव्हा कुंपण, चर, घाट यांवरचा खर्चच प्रथम कापला जातो, हे मी तरी जाणून होतो. मी विचारले नाही, कारण उत्तर आले असते तर भाव वाढला असता. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण लिहिले नाही तर या लेखाला अर्थ नाही.

जबाबदारी अशी वाटली गेली की ती कुणाचीच उरत नाही, असा आपला अनुभव. पण तसे होण्याचे कारण नाही. कर्ज पाच भावांनी मिळून काढले तर प्रत्येकाला आपला वाटा फेडावा लागतो. ‘पाच जणांचे आहे म्हणून कुणाचेच नाही’ असे सावकार म्हणत नाही. खाणमालकाचा वाटा मोठा, शासनाचा मोठा, ग्राहकाचा लहान. परंतु लहान वाटा म्हणजे शून्य नव्हे. आपली गृहनिर्माण संस्था इमारतीचा पुनर्विकास करते तेव्हा विकासकाला आपण लिफ्ट, पार्किंग, संगमरवर यांविषयी पन्नास प्रश्न विचारतो. खडी कुठल्या खदानीतून येणार, तिला परवानगी आहे काय, ती बंद झाल्यावर काय करणार आहेत, हा एक्कावन्नावा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत किंवा शेजारी सोडून दिलेली खदान असेल तर तिला कुंपण आहे काय, तेथे कपडे धुवायला येणाऱ्या बायका कुठल्या वस्तीतून येतात आणि त्या वस्तीला नळ का नाही, एवढे पाहून येणे आणि ते लेखी अर्जाने शासनाला कळविणे ही काही मोठी क्रांती नव्हे. पण कपडे धुण्याचे पाणी घराशी आले असते, तर संदपचे ते कुटुंब त्या दिवशी खदानीवर गेले नसते.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या जीवनाची सुरुवात पाण्याने झालेली आहे. तान्हे असताना कुणीतरी आपल्याला हातावर धरून स्नानसंस्काराच्या कुंडाशी नेले. ते कुंड उथळ असते, त्याला काठ असतो आणि आपल्याला धरणारे हात असतात. पाण्याजवळ जाणाऱ्या प्रत्येक लेकराला एवढे तरी मिळावे, काठ आणि कुणाचा तरी हात, अशी अपेक्षा करणे फार होणार नाही.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही. पुढच्या खेपेस तो विचारील तेव्हा काय सांगावे, याचा विचार करीत मी मासुंदाच्या काठावर बराच वेळ बसलो होतो. संध्याकाळची वेळ होती. कुणी मुलांना होडीत बसवीत होते, कुणी कठड्याला टेकून गप्पा मारीत होते. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी हा खड्डा खणला आणि खणताना आपल्यानंतर येणाऱ्यांचा विचार केला. मी त्याला सांगेन: बाळा, त्या खड्ड्यात पाणी साठते. मग कुणी काळजी घेतली तर त्याचा तलाव होतो आणि कुणीच घेतली नाही तर ती खदानच राहते. दगड आपण घेतला आहे, म्हणून ती काळजी आपलीही आहे.